तुम्ही तर चालत आलात

पोस्टमन स्पीड पोस्टाचं पाकीट घेऊन आला तेव्हा मी ओसरीवर मेथी निवडत बसले होते. सही घेताना त्यानं विचारलं, "बाई, नवं एटीएम आलं वाटतं?" मी "हो" म्हटलं. आत दिव्यांगांचं ओळखपत्र होतं, ज्याला सगळे यूडीआयडी कार्ड म्हणतात. अर्ज केला ६ मे २०२४ ला आणि कार्ड आलं नोव्हेंबरच्या शेवटी. साडेसहा महिने. त्याआधीची दोन वर्षं आजार लपवण्यात गेली, ती वेगळीच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मला मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस आहे. अर्ज करायचा ठरवला तेव्हा मराठीत कुणी लिहिलेलं काही सापडतंय का ते खूप शोधलं. योजनांच्या याद्या मिळाल्या, पण तिथे गेल्यावर नेमकं काय होतं, कुठे उभं राहायचं, काय विचारतात, हे कुठेच नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहिते. जिल्ह्याचं आणि दवाखान्यांचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पुण्यापासून एसटीनं तीन-साडेतीन तासांवरचा भाग आहे, एवढं पुरे.

सुरुवात जुलै २०१९ ची. चौथीच्या वर्गात बेरीज घेत होते. हातचे मी नेहमी लाल खडूनं लिहिते. त्या दिवशी तो लाल मला विटकरी दिसायला लागला. डावा डोळा झाकून पाहिलं तर लाल अगदी धुऊन काढल्यासारखा. डोळा इकडेतिकडे फिरवला की आत खोल दुखायचं. तालुक्याला चष्म्याचा नंबर बदलून घेतला, १,८०० रुपये गेले. तीन-चार आठवड्यांत बरंचसं दिसायला लागलं. चष्मा लागू पडला असं आम्ही समजलो. ती डोळ्याच्या नसेची सूज होती, ऑप्टिक न्यूरायटिस, आणि चष्म्याचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता, हे कळायला पावणेतीन वर्षं लागली.

२०२१ मध्ये मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून करंट उतरल्यासारखं व्हायचं, थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. ऑनलाइन शाळा चालू होती, दिवसभर मोबाइलवर मान घालून बसायचं, त्यामुळे सगळ्यांनी मणक्यावर ढकललं. एक्स-रे झाला, पट्टा झाला, बी-१२ ची इंजेक्शनं झाली, शेजारच्या गावचा हाडवैद्यही झाला.

मग मार्च २०२२. सकाळची शाळा होती. शाळेच्या पायऱ्या चढून व्हरांड्यात आले तर मागून तिसरीतली एक मुलगी धावत आली. "बाई, तुमची चप्पल राहिली." डाव्या पायातली चप्पल गेटपाशीच निसटली होती आणि मी तशीच अनवाणी पायानं मैदान ओलांडून आले होते. खाली ऊन तापलेलं, खडी टोचणारी. मला कळलंच नव्हतं. त्या दिवशी घाबरले.

पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेलो. मेंदू आणि मानेचा एमआरआय, शिरेतून रंगद्रव्य देऊन, १९,५०० रुपये. आतमध्ये तासाभराहून जास्त वेळ. डॉक्टरांनी फिल्मवरचे पांढरे ठिपके दाखवले. पाठीतून पाणी काढून तपासलं. ते काढल्यावर सांगितल्याप्रमाणे आडवं पडून राहिले तरीही चार दिवस डोकं असं दुखलं की उठून बसलं की वाढायचं, आडवं झालं की कमी. मग निदान. नसांवर मायलिन नावाचं आवरण असतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती तेच कुरतडते. कुठे कुरतडेल त्यावर कुठलं काम बिघडेल ते ठरतं: कधी डोळा, कधी पाय, कधी लघवीवरचा ताबा.

पाच दिवस सलाईनमधून रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेड्निसोलोन दिलं. तोंडाला सतत धातूची चव, आणि रात्रभर टक्क जागी. बिल ४६ हजारांचं झालं. पाय बराचसा परत आला. पुढचे हल्ले कमी व्हावेत म्हणून डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या सुरू झाल्या, दिवसातून दोनदा, माझ्या ब्रँडच्या महिन्याला चार हजारांच्या आसपास. रिकाम्या पोटी घेतली की चेहरा-मान लालबुंद होऊन खाज सुटते. मी आधी तुपाचा भात नाहीतर शेंगदाण्याची पोळी खाते, मग त्रास पुष्कळ कमी होतो. दर काही महिन्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, त्यात लिम्फोसाइट्स किती हे मुख्य.

शाळेत मी कुणालाच सांगितलं नाही. "गुडघ्यांचा त्रास आहे" एवढंच. नोकरी जाईल ही एक भीती. शिवाय हा आजार दिसतच नाही. सकाळी आठला मी तुमच्यासारखीच चालते. दुपारी एकला, उन्हातून आले की डावा पाय ओलं पोतं ओढल्यासारखा होतो आणि फळ्यावरची अक्षरं पुसट होतात. शरीर तापलं की कुरतडलेल्या नसेतून निरोप नीट जात नाही. गार झालं की पुन्हा जातो. मार्च-एप्रिलमध्ये मी मानेवर ओला पंचा ठेवून शिकवायचे. पोरांना वाटायचं बाईंना फार उकडतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत दुसरा मोठा हल्ला आला. यावेळी पाय पूर्ण परत आला नाही. हातात काठी आली. आता "गुडघे" म्हणून भागेना.

मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था १९८५ पासून आहे आणि पुण्यात तिची शाखा आहे. तिथे फोन केला. फोनवर ज्या ताई होत्या त्यांनाही एमएस होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "प्रमाणपत्र काढलंत का?" मी म्हटलं, मी काही अपंग नाही हो, मला फक्त आजार आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत, आणि त्यात आपल्या आजाराचं नाव स्वतंत्र लिहिलेलं आहे. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी मी वहीत लिहून घेतली: त्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे, सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कारणानं कामावरून काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. दोन वर्षं ज्या भीतीनं तोंड बंद ठेवलं होतं तिचं उत्तर कायद्यात आधीपासून छापलेलं होतं.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, काढून टाक. सासूबाई गप्प बसल्या. रात्री भाकरी थापताना म्हणाल्या, "कागदावर कशाला लिहून घेतेस? उद्या पोरीच्या लग्नात विचारतील." मला राग आला नाही. माझ्याही मनात तेच होतं, फक्त पोरीच्या ठिकाणी मी होते. आजार आहे असं म्हटलं की बरं होण्याची वाट पाहता येते. दिव्यांग म्हटलं की ती वाट संपली, असं मला तेव्हा वाटायचं. फेब्रुवारीत ठरवलं आणि मे उजाडला तरी अर्ज भरला नव्हता.

६ मे, उन्हाळी सुट्टी. 'स्वावलंबन' नावाच्या केंद्र सरकारच्या पोर्टलवर अर्ज भरायचा असतो. फी नाही. महा ई-सेवा केंद्रातून भरून घेतलात तर ते त्यांच्या कामाचे घेतात. मी मोबाइलवर भरला आणि पस्तावले. फोटो आणि सही ठरावीक आकारातच चढते, माझी सही तीनदा नाकारली गेली. शेवटी भाच्यानं त्याच्या लॅपटॉपवर पंधरा मिनिटांत करून दिलं. आधार, राहण्याचा पुरावा, फोटो, सही आणि आजाराचे कागद एवढं लागतं. दिव्यांगत्वाच्या प्रकारात 'मल्टिपल स्क्लेरॉसिस' असा वेगळा पर्याय आहे, तोच निवडा. चालायला त्रास होतो म्हणून अस्थिव्यंग निवडलंत तर तुम्हाला हाडांच्या डॉक्टरांपुढे उभं करतील आणि ते बिचारे तुमची हाडं तपासत बसतील. शेवटी दवाखाना निवडायचा असतो. मी आमचं सिव्हिल निवडलं. नोंदणी क्रमांक आला. तो कागदावर, मोबाइलमध्ये आणि नवऱ्याच्या मोबाइलमध्ये, तीन ठिकाणी ठेवला.

एक गोष्ट अर्जाआधीच पाहायला हवी होती. माझं आधार सासरच्या नावानं आहे. २०२२ चा एमआरआय मात्र भावानं घाईत माहेरच्या नावानं नोंदवला होता. ही तीच बाई, हे कोण सांगणार? त्या सेंटरला दोन फोन आणि एक चक्कर झाल्यावर त्यांनी रिपोर्ट दुरुस्त करून दिला. चक्कर पुण्याची होती, एक अख्खा दिवस गेला. नवीन निदान झालेल्यांनी पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदावर आधारवरचंच नाव लिहून घ्यावं.

आमच्याकडे तपासणी बुधवारी होते. १२ जूनला गेलो. दिरानं गाडी काढली, म्हणून सव्वाआठलाच पोचलो. रात्री पाऊस पडून गेला होता, हवा गार. मी इस्त्रीची साडी नेसले होते, कारण सरकारी कामाला जाताना आम्ही शिक्षिका तशाच जातो. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसे लागत नाहीत, त्यामुळे तिथे काही खर्च झाला नाही. पण रांगा तीन होत्या: एक केसपेपरची, एक अर्ज पडताळणीची, एक डॉक्टरांची. पडताळणीच्या खिडकीवरच्या बाईंनी मला पाहून विचारलं, "पेशंट कुठाय?"

स्वच्छतागृह कुठे आहे हे पोचल्या-पोचल्या बघून ठेवा. आमच्या आजारात लघवी लागली की थांबता येत नाही, आणि रांगेत नंबर आला की तेव्हाही थांबता येत नाही. माझ्या जागी दीर उभे राहायचे. एकट्यानं जाऊ नका म्हणते ते याचसाठी, आधारासाठी वगैरे नंतर.

साडेअकराला नंबर आला. डॉक्टर तरुण होते, समोर ढीगभर फाइली. मी आत गेले, नमस्कार केला, खुर्चीत बसले. त्यांनी फाइल उघडायच्या आत म्हटलं, "मॅडम, तुम्ही तर चालत आलात."

मी म्हटलं, हो, सकाळी येतं. दुपारी येत नाही. हे बोलतानाच मला कळलं की हे किती खोटं वाटतं.

त्यांच्या जागी मी असते तर मलाही शंका आली असती. आमच्याच खात्यात बघा. शिक्षकांच्या बदल्यांत दिव्यांगांना विशेष संवर्ग भाग १ मध्ये प्राधान्य मिळतं. बदल्यांचा हंगाम आला की कुणाच्या कानाचं, कुणाच्या कंबरेचं प्रमाणपत्र निघतं आणि त्याच्या बातम्याही छापून येतात. त्या डॉक्टरांपुढे तशी माणसंही बसत असणार. धडधाकट दिसणारी, काठी गाडीत ठेवून आलेली शिक्षिका त्यांना काय दिसली असेल? काठी मी खरंच गाडीत ठेवली होती. गार हवा होती, लागली नाही.

ते पुढे सभ्यपणे वागले हे सांगायला हवं. फिल्म उजेडाला धरून पाहिली, पायाचे झटके तपासले, आणि म्हणाले, "आजार आहे, त्यात वाद नाही. पण आमच्याकडे न्यूरोलॉजिस्ट नाही, दिव्यांगत्वाची टक्केवारी मी ठरवू शकत नाही." शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नावानं संदर्भचिठ्ठी दिली. पोर्टलवर अर्ज तिकडे वळवायला आणखी तीन आठवडे लागले. त्यासाठी दोनदा सिव्हिलला फोन केला, एकदा जाऊन आले. ज्यांच्या जिल्ह्यात न्यूरोलॉजिस्ट नाही त्यांनी अर्ज करायच्या आधीच चौकशी करावी आणि जमत असेल तर जिथे उपचार चालू आहेत तिथला जिल्हा निवडावा. पोर्टलवर तशी सोय आहे, मला माहीत नव्हती.

घरी येताना गाडीत रडले. दीर आरशातून बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. टक्केवारी मिळाली नाही याचं वाईट वाटलं नव्हतं. मला त्या खोलीत एक क्षण वाटून गेलं होतं की थोडं लंगडायला हवं होतं. बावीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी बाई आणि तिच्या मनात हा विचार. रात्री पुण्याच्या ताईंना फोन करून हे सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "अहो, सगळ्यांना वाटतं. नाटक करायचं नाही. पण सजून, विश्रांती घेऊन, आपला सगळ्यात चांगला तास तरी त्यांना का दाखवायचा? आणि बाकीचे तेवीस तास लिहून न्या."

मग मी वही घातली. रोज किती वाजता उठले, किती चालले, कुठे बसावं लागलं, काय पडलं, काय सांडलं. शाळेच्या गेटपासून वर्गापर्यंत १६० पावलं आहेत. सकाळी एका दमात, दुपारी मध्ये दोनदा थांबून, उन्हाच्या दिवशी तीनदा. चार आठवड्यांची नोंद. माझ्या पुण्याच्या डॉक्टरांकडून एक पत्रही घेतलं. त्यात हल्ल्यांच्या तारखा, चालू औषध आणि ईडीएसएस लिहून दिला. एमएसची तीव्रता मोजायची ही शून्य ते दहाची पट्टी आहे. चार म्हणजे आधाराविना, न थांबता साधारण ५०० मीटर चालता येतं, सहा म्हणजे शंभर मीटरलाही काठी लागते. माझा साडेपाच होता. हे पत्र मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितलं की कुणी नाही म्हणत नाही.

११ जुलै, गुरुवार. वैद्यकीय महाविद्यालय दुसऱ्या शहरात, एसटीनं अडीच तास. इथे केसपेपरला थोडे पैसे पडतात. नंबर लागेपर्यंत दीड वाजला. न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांनी कागद पाहिले, डोळ्यांची तपासणी करून आणा म्हणाले, आणि टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळासाठी ८ ऑगस्टची तारीख दिली. डोळ्यांच्या विभागात उजव्या डोळ्याची नजर ६/३६ भरली, डावा नीट. २०१९ च्या त्या विटकरी खडूची ही उरलेली निशाणी. जाण्यायेण्यात, जेवणात दोघांचे मिळून नऊशे रुपये झाले. रजा एक.

८ ऑगस्टला नागपंचमीची पूर्वसंध्या. आदल्या रात्री मुलीनं हट्टानं दोन्ही हातांवर मेंदी काढली. सकाळी रंगलेले हात पाहिले आणि पोटात गोळा आला. इस्त्रीच्या साडीनं जूनमध्ये काय केलं ते आठवलं. पण मेंदी काही धुऊन जात नाही.

यावेळी दीर कामात होते, म्हणून नवरा आणि मी एसटीनंच गेलो. बस भरलेली, पाऊण तास उभी राहिले, मग एका मुलानं जागा दिली. स्टँडवरून रिक्षा. महाविद्यालयाची लिफ्ट बंद होती. दोन मजले. मधल्या वळणावर मी पायरीवरच बसले, लोक बाजूनं जात होते, एका मामांनी पाण्याची बाटली पुढे केली. वर पोचले तेव्हा साडी घोट्यापाशी भिजलेली, डावा पाय ओढत, काठीवर सगळा भार. उजव्या डोळ्यापुढे धुकं. दारात डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "सावकाश, मॅडम. आधी बसा."

बिघडलेली लिफ्ट माझ्या मदतीला आली, असं नवरा अजून म्हणतो.

तपासणी पाऊण तास चालली. डोळे मिटून उभं राहा. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चाला, त्यात दुसऱ्याच पावलाला भिंत धरली. ट्यूनिंग फोर्क घोट्याला लावून थरथर कळते का विचारलं. डावीकडे नाही कळली. तळव्यावरून किल्ली ओढली, अंगठा वर गेला. तर्जनी माझ्या नाकाला, मग त्यांच्या बोटाला. मेंदीचं बोट हवेत थरथरत गेलं आणि चुकलं. त्यांनी वही मागून घेतली, पानं उलटली आणि १६० पावलांपाशी थांबून विचारलं, "ही मोजली कुणी?" म्हटलं, मीच. चौथीला शिकवते. ते म्हणाले, "अशी वही आणत जा, म्हणावं, सगळ्यांना." म्हणून इथे सांगितलं.

मंडळाच्या सदस्यांपैकी एकीनं आकडे मांडून दाखवले. चालण्याचे आणि तोलाचे ४५, डोळ्याचे १०. मी मनात ५५ केले. तसं नसतं. दोन कमतरता जोडायचं सूत्र आहे: मोठ्या आकड्यात लहान आकडा सरळ मिळवायचा नाही, नव्वदातून मोठा वजा करायचा, त्याला लहानानं गुणायचं, नव्वदनं भागायचं आणि मग मिळवायचं. ९० वजा ४५ म्हणजे ४५. गुणिले १०, भागिले ९०, पाच. ४५ आणि ५, पन्नास. बेरीज शिकवून पोट भरणाऱ्या बाईला ४५ अधिक १० बरोबर ५० हे समजून घ्यायला दोन मिनिटं लागली. ज्यांना एकाहून जास्त त्रास आहेत त्यांनी हे घरी मांडून पाहावं, म्हणजे तिथे धक्का बसत नाही. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. निकाल पटला नाही तर अपील करता येतं.

त्यानंतर नुसती वाट. पोर्टलवर रोज रात्री क्रमांक टाकून बघायचे. ऑगस्ट गेला, गणपती आले, गेले. २४ सप्टेंबरला मधल्या सुट्टीत पाहिलं तर प्रमाणपत्र आलं होतं. ५० टक्के, तात्पुरतं, पाच वर्षं मुदत. स्टाफरूममध्ये इतर चार जण होते. मी मोबाइल पालथा ठेवला आणि चहा प्याले. पुढच्या तासाला बाराचा पाढा घेतला. घरी येऊन सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून माझा फोटो निरखला आणि म्हणाल्या, "फोटोत हसायचं तरी होतंस."

तात्पुरतं आणि कायम यावरून मला आधी वाईट वाटलं होतं, २०२९ मध्ये हे सगळं पुन्हा. पण आजार बदलता आहे तर कागदही तसाच असणार. प्रमाणपत्र डाउनलोड झालं की ते चालतं, प्लास्टिकच्या कार्डासाठी थांबावं लागत नाही. माझं कार्ड पिवळं आहे, ४० ते ७९ टक्क्यांसाठी. चाळीसच्या खाली पांढरं, ऐंशी आणि वर निळं.

आता त्याचं काय केलं ते. मुख्याध्यापकांना अर्ज दिला, सोबत प्रत. बदली मागितली नाही, वर्ग खालच्या मजल्यावर मागितला. ते अर्ज वाचून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "दोन वर्षं जिने चढलात, बोलला असतात तर." पुढच्या सोमवारी चौथी खाली आली आणि दुसरी वर गेली. दुसरीची पोरं खूश, वरून मैदान दिसतं. व्यवसाय कर पगारातून कापला जायचा तो थांबवायचा अर्ज दिला. आयकरात दिव्यांगांसाठी ७५ हजारांची वजावट आहे, पण जुन्या करपद्धतीतच. आमच्या क्लार्कनं दोन्ही आकडे मांडून दिले, तुम्हीही मांडून घ्या.

स्टाफरूममध्ये एका सरांनी विचारलंच, "मग, बदलीचं काय? आता संवर्ग एक." सहज विचारल्यासारखं. मी पाय पुढे करून म्हटलं, बघता का ट्यूनिंग फोर्क लावून? त्यांना कळलं नाही. एका बाईंना कळलं असावं, कारण त्या दिवसापासून माझी वह्यांची चळत त्या उचलतात. सांगत नाहीत, उचलतात.

कार्ड आल्यावर पहिल्यांदा एसटीनं निघाले ते रक्त तपासायला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना तिकीट अर्धं आहेच, त्यामुळे कुणाला काही दाखवायची सवय नव्हती. कार्डावर पंचाहत्तर टक्के सवलत, म्हणजे पाव तिकीट. थंडी होती, पाय छान चालत होता. मी काठी घेऊन, पण जवळजवळ न टेकवता चढले. दिव्यांगांच्या जागेवर एक कॉलेजचा मुलगा बसला होता. त्याच्याकडे पाहिलं, आणि पुढे जाऊन तिसऱ्या बाकावर बसले.

कंडक्टर आला. "एक फुल, महिला ना?" म्हणून मशीनवर बोट ठेवलं.

"थांबा," मी म्हटलं, आणि पर्समध्ये कार्ड शोधायला लागले. ते तळाशी गेलं होतं, खडूच्या डबीखाली. त्यानं वाट पाहिली. कार्ड घेतलं, फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग खाली माझ्या पायांकडे.

"पन्नास टक्के," मी म्हटलं. "सकाळी दिसत नाही."

त्यानं पाव तिकीट फाडून दिलं. मग मागे वळून त्या कॉलेजच्या मुलाला म्हणाला, "ए, उठ रे. ताईंची जागा आहे ती."